प्राध्यापक मौल्टन आणि नव्या कराराची भाषा

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय ६:१–१८, २ करिंथ. १:२०–२२, इफिस. १:१३–१४, २ थेस्सल. ३:६–१३, इब्री ११:१.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्ये दोन समज फार दिवसांचे आहेत. पहिला समज असा की, विद्यापीठात बसून पवित्र शास्त्र शिकविणारे जे विद्वान आहेत, त्यांच्या विद्येचा नांगर धरणाऱ्यास किंवा मोलमजुरी करणाऱ्यास काही उपयोग नाही. उलट, फार विद्या झाली म्हणजे विश्वास निवतो. दुसरा समज असा की, आपली गावची बोली ओबडधोबड असून देवाच्या वचनास ती शोभत नाही. म्हणून उपदेशकाने चुलीजवळचे व बांधावरचे शब्द बाजूला ठेवावे आणि जड जड शब्द योजावे. मग ऐकणाऱ्या बाया आदराने मान हालवितात. परंतु घरी गेल्यावर, आज काय सांगितले, असे कोणी विचारिले, तर त्यांस उत्तर देता येत नाही.

ह्या दोन्ही समजांचे उत्तर एका प्राध्यापकाच्या आयुष्यात मिळते. त्यांचे नाव डॉ. जेम्स होप मौल्टन. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, ती भाषा शिकविण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या आयुष्याचे शेवटचे दीड वर्ष बहुतेक हिंदुस्थानात गेले, आणि मुंबई शहराशी त्यांचा निकट संबंध आला. म्हणून आजच्या पाठास आम्ही त्यांचे चरित्र घेतले आहे.

१. बापाचे काम मुलाने हाती घेतले

मौल्टन ह्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८६३ रोजी इंग्लंडात, लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील विल्यम फिडियन मौल्टन हे वेस्लियन मेथडिस्ट मंडळीचे पाळक असून ग्रीक भाषेचे मोठे जाणते होते. इंग्रजी शास्त्राचे जे सुधारलेले भाषांतर झाले, त्यातील नवा करार १८८१ साली प्रसिद्ध झाला. तो तयार करणाऱ्या विद्वानांच्या मंडळात ते होते. विनर नावाच्या जर्मन पंडिताने लिहिलेले नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे व्याकरण त्यांनी १८७० साली इंग्रजीत आणिले होते.

त्या काळी इंग्लंडात सरकारमान्य मंडळीबाहेरच्या लोकांस जुन्या विद्यापीठांची दारे पुरती उघडी नव्हती. केंब्रिज व ऑक्सफर्ड येथील बहुतेक मानाच्या जागांस धर्ममताची अट होती. ती १८७१ सालच्या कायद्याने निघाली. त्यानंतर मेथडिस्ट लोकांनी १८७५ साली केंब्रिज येथे लेज नावाची शाळा काढिली व थोरले मौल्टन तिचे पहिले मुख्याध्यापक झाले. धाकटे मौल्टन ह्याच शाळेत शिकले आणि पुढे किंग्ज कॉलेजात जाऊन फेलो झाले. ज्या दारावर बापाच्या पिढीस अडविले जात होते, त्याच दारातून मुलगा आत गेला.

१८८६ साली त्यांनी पाळकपणाची दीक्षा घेतली. त्याच सालापासून १९०२ पर्यंत ते लेज शाळेत मुलांस शिकवीत होते. सोळा वर्षे शाळामास्तरकी! पुढे जे मोठे विद्वान म्हणून गाजले, त्यांची निम्मीअधिक कारकीर्द अशी मुलांच्या पाट्या-वह्या तपासण्यात गेली, हे आमच्या शाळामास्तरांनी ध्यानात धरावे.

१८९८ साली वडील वारले. विनरच्या व्याकरणाची नवी आवृत्ती काढावी असे त्यांच्या मनात होते. ते काम मुलाकडे आले. १९०२ साली मौल्टन मँचेस्टर शहराजवळच्या डिड्सबरी कॉलेजात नव्या कराराचे शिक्षक झाले. तेथे मेथडिस्ट मंडळीचे भावी पाळक तयार होत असत. मँचेस्टर विद्यापीठाने १९०४ साली धर्मशास्त्राची शाखा सुरू केली व ती सर्व पंथांच्या विद्यार्थ्यांस खुली ठेविली. त्या विद्यापीठात मौल्टन १९०८ साली प्राध्यापक झाले.

२. ती भाषा कोणाची?

मौल्टन ह्यांच्यापुढे जो प्रश्न होता, तो असा. प्लेटो वगैरे अथेन्सच्या जुन्या ग्रंथकारांची ग्रीक भाषा शाळांतून शिकवीत असत. तिच्याशी नव्या कराराची भाषा जुळत नव्हती. पुष्कळ शब्द त्या जुन्या ग्रंथांत मुळीच सापडत नव्हते, आणि काही शब्दांचे अर्थ निराळे दिसत होते. तेव्हा काही पंडित म्हणू लागले की, प्रेषितांस चांगले ग्रीक येतच नव्हते. दुसरे काही भक्तिमान पंडित म्हणू लागले की, ही सामान्य माणसांची भाषा नव्हेच. पवित्र आत्म्याने शास्त्रासाठीच ती निराळी घडविली.

ह्यांपैकी पहिले बोलणे अपमानाचे व दुसरे आदराचे वाटते. परंतु दोहोंचा परिणाम एकच झाला. ही भाषा कोणाच्या घरची नव्हे, असेच दोन्ही पक्षांनी ठरविले.

केंब्रिजमध्ये लाइटफूट नावाचे थोर प्राध्यापक होते. ते पुढे डरहॅमचे बिशप झाले. त्यांनी १८६३ साली, म्हणजे मौल्टन जन्मले त्याच साली, आपल्या विद्यार्थ्यांस सांगितले होते की, त्या काळच्या साध्या माणसांनी, ग्रंथ लिहिण्याचा कसलाही आव न आणता, एकमेकांस लिहिलेली पत्रे जर कधी हाती लागली, तर नव्या कराराची भाषा समजण्यास त्यांच्याएवढे साहाय्य दुसऱ्या कशाचेही होणार नाही. एका विद्यार्थ्याने हे बोलणे आपल्या वहीत टिपून ठेविले. तेव्हा ही केवळ इच्छा होती.

३. उकिरड्यात पुरलेला उजेड

मिसर देशात नाईल नदीच्या पाणथळीत पपायरस नावाची लव्हाळ्यासारखी उंच वनस्पती होत असे. तिच्या गाभ्याच्या पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून व दाबून कागद करीत. ओलसर देशात असा कागद कुजून जातो. परंतु मिसराच्या कोरड्या वाळूत तो दोन हजार वर्षेही टिकतो.

कैरोच्या दक्षिणेस सुमारे शंभर मैलांवर बेहनेसा नावाचे गाव आहे. तेथे जुन्या काळी ऑक्सिरिंकस नावाचे नगर होते. ग्रेनफेल व हंट ह्या दोघा इंग्रज विद्वानांनी १८९६–९७ च्या हिवाळ्यात तेथे खणावयास आरंभ केला. राजवाडा नव्हे, देऊळ नव्हे. ते नगराचे उकिरडे खणीत होते! त्या उकिरड्यांतून कागदांच्या टोपल्याच्या टोपल्या निघाल्या. त्यांत सावकाराचे हिशेब, कराच्या पावत्या, जमिनीची खते, लग्नाची आमंत्रणे, आणि आईबापांस व लेकरांस लिहिलेली पत्रे होती. एका पत्रात थेऑन नावाचा लहान मुलगा, बापाने आपल्यास शहरात बरोबर नेले नाही म्हणून रुसला आहे, आणि मला नेले नाही तर खाणार नाही, पिणार नाही, असे धमकावीत आहे. लाइटफूट ह्यांनी ज्यांची इच्छा केली होती, तीच ही पत्रे.

ह्या कागदांची भाषा व नव्या कराराची भाषा एकच आहे, हे प्रथम स्पष्टपणे दाखविण्याचे श्रेय आडोल्फ डाइसमान ह्या जर्मन विद्वानास आहे. त्यांचा ह्या विषयावरील पहिला ग्रंथ १८९५ साली निघाला. नव्या करारात सुमारे पाच हजार निरनिराळे शब्द आहेत. त्यांपैकी केवळ ख्रिस्ती म्हणावे असे शब्द पन्नासांच्या आसपासच राहतात, असा डाइसमान ह्यांचा हिशेब होता. पूर्वी असे शब्द शेकड्यांनी मोजीत असत.

मौल्टन ह्यांनी हाच धागा व्याकरणाकडे नेला. वडिलांच्या पुस्तकाची डागडुजी करीत बसण्याऐवजी त्यांनी नवे व्याकरण लिहावयास घेतले. त्याचा पहिला भाग १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवून दिले की, प्रेषितांची भाषा ही चुकलेली अथेन्सची भाषा नव्हे, आणि आकाशातून उतरलेली गूढ भाषाही नव्हे. बाजारात, शेतात, कचेरीत व स्वयंपाकघरात जी भाषा रोमच्या राज्यात पूर्वेकडे सर्वत्र चालत होती, तीच ही. पुढे जॉर्ज मिलिगन ह्या स्कॉटिश प्राध्यापकांच्या जोडीने त्यांनी ह्या कागदांतील दाखल्यांचा शब्दकोश करण्यास घेतला. त्याचा पहिला खंड १९१४ साली निघाला.

४. चार शब्द

हे सारे आमच्या उपयोगाचे कसे, हे चार शब्दांवरून पाहू.

विसार. देवाने पवित्र आत्मा आम्हांस विसार म्हणून दिला आहे, असे पौल करिंथकरांस व इफिसकरांस लिहितो. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या एका पत्रात होरस नावाचा मनुष्य कळवितो की, लांपोन नावाच्या उंदीर धरणाऱ्यास त्याने आठ द्राखमा विसार दिला आहे, अशासाठी की, उंदरिणी गाभण आहेत तोच त्याने त्या धराव्या. तेथेही पौलाने योजिलेलाच शब्द आहे. बैलाचा सौदा ठरला म्हणजे आपणही विसार देतो. तो पुऱ्या किमतीचाच एक भाग असतो, आणि उरलेले देण्यास देणारा बांधला जातो. पवित्र आत्म्याविषयी एवढे मोठे सत्य पौलाने बैलबाजारात कळेल अशा शब्दात सांगितले.

भरून पावले. जे लोकांस दिसावे म्हणून धर्म करितात, ते आपले प्रतिफळ भरून पावले, असे प्रभू म्हणतो. तेथील ग्रीक शब्द मिसरातील असंख्य पावत्यांवर आढळतो. गरीब लोकांस कागद महाग पडे, म्हणून फुटक्या खापरांवर लिहिलेल्या कराच्या पावत्यांवरही तो आहे. मराठी पावतीवरही आपण तसेच लिहितो. पावती फाडली, आता मागणे उरले नाही! ढोंग्याच्या हाती लोकांची वाहवा आली, की देवाकडे त्याचा हिशेब बंद. प्रभूच्या शब्दांची धार ह्या एका पावतीने किती तीक्ष्ण होते, पाहा.

खाडा. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जण अव्यवस्थितपणे वागत होते, असे पौल लिहितो. ते काय करीत होते? दारू पीत होते की भांडत होते? इ. स. ६६ सालचा एक करारनामा सापडला आहे. त्यात त्रिफोन नावाचा बाप आपल्या मुलास विणकाम शिकण्यासाठी एका विणकराकडे वर्षभर ठेवितो. मुलाने जितके दिवस खाडा केला, तितके दिवस वर्ष संपल्यावर तो भरून देईल, नाहीतर बाप रोजचा एक द्राखमा देईल, अशी अट आहे. तेथे खाडा करणे ह्या अर्थी जे क्रियापद आहे, ते पौलाच्या शब्दाच्या घराण्यातलेच आहे. म्हणजे थेस्सलनीकाचे ते भाऊ प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याच्या निमित्ताने कामावर खाडे करीत होते, आणि दुसऱ्याच्या भाकरीवर जगत होते. पौलाच्या पुढच्या वाक्यांचा, म्हणजे काम न करणाऱ्याने खाऊही नये ह्या आज्ञेचा, रोख आता नीट कळतो.

खत. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी विश्वासाचे जे वर्णन आहे, त्यातील भरवसा ह्या अर्थाचा ग्रीक शब्द त्या कागदांत मालमत्तेच्या कागदपत्रांसंबंधाने येतो. त्यावरून मौल्टन व मिलिगन ह्यांनी सुचविले की, विश्वास हे आशा धरलेल्या वतनाचे जणू खतच होय. सर्वच विद्वानांस हा अर्थ मान्य नाही. परंतु ज्याच्या हाती खत आहे, तो शेत डोळ्यांनी दिसत नसतानाही निश्चिंत झोपतो, हे कोणत्याही शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही.

५. विद्येची मर्यादाही विद्येनेच कळते

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नवी वस्तू सापडली म्हणजे सर्व काही तिनेच उलगडावे असे माणसास वाटते. डाइसमान व मौल्टन ह्यांनी काही ठिकाणी जरा जास्तच ताणले, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. प्रभू अरामी भाषा बोलत असे. शुभवर्तमानांच्या ग्रीकमध्ये तिची छटा आहे. प्रेषितांच्या कानांत जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराची वाक्ये घुमत होती, त्यांचाही ठसा आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा आरंभ व इब्री लोकांस पत्र ही चांगल्या शिकलेल्या माणसाच्या हातची आहेत. मौल्टन ह्यांच्या पश्चात त्यांच्या व्याकरणाचा दुसरा भाग डब्ल्यू. एफ. हॉवर्ड ह्यांनी संपादून १९१९ ते १९२९ ह्या काळात पुरा केला, तेव्हा ह्या अरामी-इब्री छटांवर एक पुरवणीच जोडिली.

खऱ्या विद्येचे हे लक्षण होय. ती आपले म्हणणे पुराव्यासह पुढे ठेविते, आणि नवा पुरावा आला की ते तपासू देते. अशा विद्येस विश्वासाने भिण्याचे कारण नाही.

६. मुंबई, आणि अखेरचा प्रवास

मौल्टन ह्यांस दुसऱ्या एका प्राचीन भाषेचे वेड होते, ती म्हणजे पारशी लोकांच्या अवेस्ता ग्रंथाची. जरथुश्त्राच्या गाथांची भाषा वेदांच्या संस्कृतास जवळची आहे. त्यांनी ह्या धर्मावर दिलेली व्याख्याने १९१३ साली ग्रंथरूपाने निघाली होती. त्यावरून यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनने त्यांस हिंदुस्थानात बोलाविले. १९१५ साली त्यांची पत्नी वारली, आणि त्याच सालाच्या अखेरीस ते इकडे आले. मुंबईत त्यांनी पारशी बांधवांपुढे त्यांच्याच प्राचीन गाथांवर व्याख्याने दिली. ज्यास आपली श्रद्धा सांगावयाची, त्याचे शास्त्र आधी त्याच्याच भाषेत आदराने वाचावे, असा त्यांचा नेम होता. वादविवादास निघणाऱ्या तरुण उपदेशकांनी हा नेम शिकण्याजोगा आहे. पारशी धर्मावरील त्यांचा शेवटचा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला.

१९१७ च्या मार्चमध्ये ते परत जाण्यास निघाले. तेव्हा युरोपात महायुद्ध चालले होते. वाटेत पोर्ट सैद येथे त्यांचे मित्र डॉ. रेंडेल हॅरिस त्यांस येऊन मिळाले. हे हॅरिस म्हणजे सिनाय पर्वताच्या मठात, आरिस्तीदेस ह्या दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखकाचा हरवलेला ग्रंथ १८८९ साली ज्यांस सापडला, ते. ४ एप्रिल रोजी, म्हणजे दुःखसप्ताहातील बुधवारी, भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने त्यांची ‘सिटी ऑफ पॅरिस’ ही आगबोट बुडविली. उतारू लहान होड्यांत उतरले. उघड्या होडीत, थंडीवाऱ्यात, तीन दिवसांहून अधिक काळ गेला.

त्या दिवसांचे वर्णन हॅरिस ह्यांनी पुढे पत्रात केले आहे. मौल्टन अंगात त्राण होते तोवर वल्हे मारीत होते. होडीतले पाणी उपशीत होते. मेलेल्यांस समुद्रात सोडण्यास हात लावीत होते, आणि आमच्या देशातील जे गरीब खलाशी त्या होडीत मरण पावले, त्यांच्यावर त्यांनी प्रार्थनेचे शब्द उच्चारिले. त्यांच्या तोंडून कुरकुर निघाली नाही. शेवटी त्यांचाही देह थकून निमाला व समुद्रास अर्पण झाला. वय अवघे त्रेपन्न. हॅरिस वाचले.

ज्या देशाच्या पंडिताकडून मौल्टन ह्यांनी आपल्या कामाचा धागा घेतला, त्याच देशाच्या पाणबुडीने त्यांचा अंत झाला. परंतु काम थांबले नाही. मिलिगन ह्यांनी शब्दकोश १९२९ साली पुरा केला. व्याकरणाचा तिसरा भाग १९६३ साली व चौथा १९७६ साली नायजेल टर्नर ह्यांनी लिहिला. म्हणजे पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत सत्तर वर्षे! बापाने धरलेले, मुलाने वाढविलेले, आणि परक्या हातांनी शेवटास नेलेले असे हे काम आहे.

७. आम्ही काय घ्यावे?

ह्या चरित्रातून आम्हांस दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत, आणि त्या एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

पहिली ही की, साधी भाषा म्हणजे हलकी भाषा नव्हे. देवाने आपली वार्ता सांगण्यास पावती, विसार व खाडा ह्यांची भाषा निवडिली. तेव्हा उपदेशकाने आपल्या गावच्या शब्दांची लाज धरू नये. मराठीत हे सत्य पंडिता रमाबाईंनी ओळखिले होते. संस्कृतात पारंगत असलेल्या त्या विदुषीने इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि खेड्यातल्या थोडे शिकलेल्या बायांस कळेल अशा सोप्या मराठीत सबंध शास्त्र उतरविण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

दुसरी ही की, सोपे बोलणे फुकट येत नाही. विसार ह्या एका शब्दाचा साधा अर्थ खात्रीने सांगता यावा म्हणून कोणी वाळू उपसली, कोणी फाटके कागद जोडिले, कोणी वर्षानुवर्षे व्याकरण शिकविले. विद्वानाचे श्रम आणि खेड्यातल्या बाईचे समजणे, ह्यांमध्ये वैर नाही. ती एकाच वाटेची दोन टोके आहेत. ज्या उपदेशकास ग्रीक येत नाही, त्यानेही रविवारच्या आधी आपला शास्त्रभाग तीनदा वाचावा. ज्या शब्दाचा अर्थ आपण घरच्या बोलीत सांगू शकत नाही, तो शब्द आपल्यास अजून समजलेला नाही असे धरावे, आणि समजेपर्यंत जाणत्यास विचारावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तय ६:१–१८ ह्या भागात ‘भरून पावले’ असे प्रभू कितीदा म्हणतो? कोणत्या तीन कामांविषयी?

२. विसार घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर कोणते बंधन येते? मग पवित्र आत्मा मिळाल्यावरून आम्हांस देवाविषयी कोणती खात्री बाळगता येते?

३. आमच्या मंडळीत ‘प्रभूचे काम’ ह्या नावाखाली कोणी घरच्या कामास खाडा करितो काय? पौल अशास काय सांगतो?

४. उपदेशात नेहमी येणारे तीन कठीण शब्द निवडा. शाळेत न गेलेल्या शेजारणीस ते कसे समजावाल, हे एकमेकांस सांगून पाहा.